विक्रोळीच्या वाट्याला आलेले चिन्ह

मुंबई महापालिकेच्या दफ्तरात विक्रोळीची ओळख एका अक्षराने होते : ‘एस’. भांडुपला कार्यालय असलेल्या या विभागात विक्रोळीचा मोठा भाग मोडतो. काही भाग घाटकोपरच्या ‘एन’ विभागाकडे जातो. कागदावर, फलकावर, कचऱ्याच्या गाडीवर हेच अक्षर दिसते. त्याच्यासोबत ध्वज नाही, ढाल नाही, स्वतःचे बोधवाक्यही नाही. कन्नमवारनगर, टागोरनगर, पार्कसाइट, पिरोजशानगर, खाडीकडची मिठागरे आणि तिवरांचे रान, एवढे सगळे सामावून घेणाऱ्या वस्तीला शहराने दिलेले चिन्ह म्हणजे इंग्रजी मुळाक्षरांतील एकोणिसावे अक्षर.

यात आश्चर्य कसले, असे कोणी म्हणेल. भारतातल्या कुठल्या वॉर्डाला ढाल असते? प्रश्न रास्त आहे. पण ज्या राज्याने दोनशे वर्षे या किनाऱ्यावर सत्ता गाजवली, त्या पोर्तुगालमध्ये आज अगदी लहान वस्तीलाही स्वतःची ढाल आणि ध्वज असू शकतो, आणि तो कसा असावा याचा कायदा आहे. तेव्हा विक्रोळीला अक्षरच का मिळाले, आणि या किनाऱ्यावर चिन्हे खरोखर कोणाकोणापर्यंत पोहोचली, याची चौकशी करण्यासारखी आहे.

आधी पोर्तुगालची पद्धत पाहू. तिथे १९३० साली सरकारने एक परिपत्रक काढून नगरांच्या चिन्हांना शिस्त लावली आणि १९९१ मध्ये तिला नव्या कायद्याचे रूप दिले. ढालीच्या वर तटबंदीसारखा दिसणारा मुकुट असतो आणि त्याचे बुरूज मोजले की वस्तीचा दर्जा कळतो. खेड्याच्या परगण्याला तीन बुरूज, कसब्याला चार, शहराला पाच. हे सगळे चांदीचे. सोन्याचे पाच बुरूज एकट्या लिस्बनला. शहराचा ध्वज मध्यबिंदूपासून आठ तिकोनी पट्ट्यांत विभागलेला असतो. लिस्बनचा ध्वज काळा-पांढरा असून त्याच्या मध्यावरील ढालीत एक जहाज आणि त्यावर दोन डोमकावळे आहेत. संत व्हिन्सेंटचे अवशेष बाराव्या शतकात जहाजातून लिस्बनला आणले गेले, तेव्हा दोन डोमकावळ्यांनी वाटभर त्यांची राखण केली, अशी ती कथा. म्हणजे ढालीकडे पाहून माणसाला गावाचा दर्जाही कळतो आणि गावाची गोष्टही कळते. पोर्तुगीज नोकरशाहीविषयी पुष्कळ वाईट बोलता येईल, पण हा तिचा उद्योग मोठा रसिक आहे.

आता हे राज्य विक्रोळीच्या परिसरात कसे होते ते पाहू. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने तहान्वये वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी बेट होते, आणि ठाण्याच्या खाडीकाठचा आजचा विक्रोळी परिसर याच साष्टीचा भाग. गोव्याहून चालणाऱ्या कारभारात या मुलखाचे नाव ‘उत्तरेचा प्रांत’ असे होते आणि त्याची राजधानी वसई. मराठी कागदपत्रे याच भागाला फिरंगाण म्हणतात.

या प्रांतात ढाली होत्या, भरपूर होत्या. वसईच्या किल्ल्यात आजही पडक्या चर्चमधून फिरताना थडग्यांच्या शिळा पायांखाली येतात आणि त्यांवर ‘डॉम’ उपाधीच्या सरदारांची नावे वाचता येतात. बालेकिल्ल्याच्या दारावर पोर्तुगालच्या राजाचे चिन्ह कोरलेले आहे. त्या चिन्हात पाच छोट्या ढाली क्रुसाच्या आकारात मांडलेल्या असतात आणि भोवती किल्ल्यांची किनार. जवळच दिसतो तो खगोलाच्या कड्यांचा गोल. समुद्रावर वाट शोधणाऱ्या दर्यावर्दी राजाची ती खूण. तिकडे गोव्याने वेगळेच चिन्ह घेतले होते : चाक. आफोन्सो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकला तो दिवस संत कातरिनाचा, आणि त्या संतिणीला ज्या चाकावर छळण्यात आले असे सांगतात ते चाक गोव्याची ओळख बनले. गोव्याच्या नाण्यांवर ते उमटले. १९३५ साली पोर्तुगीज हिंदुस्थानासाठी रीतसर चिन्ह ठरवले गेले, तेव्हाही त्या ढालीत चाक राहिलेच. छळाचे साधन अभिमानाने मिरवण्याची ही युरोपीय खोड स्थानिक रयतेला कशी दिसत असेल, हे ज्याने त्याने ठरवावे.

मुद्दा असा की ही चिन्हे दारांवर होती, नाण्यांवर होती, थडग्यांवर होती. गावांना मात्र नव्हती. साष्टीतील गावे सरदारांना आणि धार्मिक संघांना ठरावीक साऱ्याने लावून दिलेली होती. गावचा धनी वसईत किंवा ठाण्यात राही आणि ढाल असलीच तर ती त्याच्या घराण्याची असे. गावाला स्वतःची ढाल असण्यासाठी आधी गावाला स्वतःचा कारभार असावा लागतो. पोर्तुगालमधल्या परगण्याला तो पुढे मिळाला. साष्टीतल्या गावाला तो द्यावा असे कोणाच्या मनातही आले नाही.

असे असले तरी, पोर्तुगीज येण्यापूर्वी या गावांत एक चिन्ह नक्की पोहोचले होते आणि ते अगदी बांधावर उभे होते. उत्तर कोकणात ठाण्याला शिलाहार राजांची सत्ता होती. ते स्वतःला ‘सुवर्णगरुडध्वज’ म्हणवीत आणि त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड असे. ताम्रपट ज्याला दान मिळाले त्याच्या घरी पेटीत राहत. सामान्य माणसाला दिसे तो दगड : गधेगाळ. साष्टी, ठाणे, अलिबाग अशा साऱ्या पट्ट्यात असे दगड सापडले आहेत. वरच्या भागात सूर्य आणि चंद्र, बहुधा मधोमध कलश. मधल्या भागात लेख : अमुक जमीन अमुक कामासाठी दिली आहे. खालच्या भागात एक चित्र, जे आजच्या सभ्य लेखनात फार तपशिलाने सांगता येत नाही. जो कोणी हे दान मोडील त्याच्या आईवर गाढव येईल, ही शिवी दगडातच कोरून ठेवलेली असे.

गधेगाळांकडे पुष्कळदा गमतीने पाहिले जाते. त्यामागचे कायद्याचे डोके मात्र पक्के आहे. लेख वाचणारा माणूस गावात एखादाच, तोही कधी नसे. मग हुकूम पोहोचणार कसा? सूर्य-चंद्र म्हणजे हे दान सूर्य-चंद्र असेपर्यंत चालायचे, हे निरक्षराला कळते. खालचे चित्र तर कोणालाही कळते. अक्षर न येणाऱ्या माणसाने वाचावे म्हणून केलेले हे राजचिन्ह होते आणि ते राजवाड्यात न राहता शेताच्या कडेला उभे राहिले. या किनाऱ्यावर जी चिन्हे खरोखर लोकांपर्यंत गेली, त्यांचा हा पहिला नमुना मानायला हरकत नाही.

समुद्रावर गोष्ट वेगळी होती. तिथे चिन्ह नसणे जिवावर बेतत असे. पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी जहाजांना परवाना सक्तीचा केला. त्याला ‘कार्ताझ’ म्हणत. जहाज कोणाचे, कुठून कुठे जाणार, माल कोणता, हे त्यात लिहिलेले असे. हा कागद जवळ नसेल तर पोर्तुगीज आरमार जहाज आणि माल जप्त करी. पुढे हीच युक्ती इतरांनी उचलली. कान्होजी आंग्र्यांच्या काळात मराठी आरमारानेही आपले दस्तक घेण्याचा आग्रह धरला आणि ते न घेणारी जहाजे पकडली. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. पण पोर्तुगीजांनी दीडशे-दोनशे वर्षे जे केले तेच आंग्रे करीत होते, फरक एवढाच की कागदावरचा शिक्का आता इथल्या सत्तेचा होता. समुद्रावरची मालकी शिक्क्यावरून ठरे, आणि शिक्क्याची किंमत मागे किती तोफा आहेत यावरून.

१७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ठाणे आणि साष्टीचा बहुतेक भाग मराठ्यांकडे आला आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. शरणागतीच्या अटींत एक अट ध्वजाविषयी आहे, ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पोर्तुगीज शिबंदीने हत्यारांसह, नगारे वाजवीत आणि निशाणे फडकावीत किल्ल्याबाहेर पडावे, अशी मुभा त्यांना देण्यात आली. हजारो माणसे गमावून घेतलेल्या किल्ल्यातून शत्रूला निशाण न उतरवता जाऊ देणे, ही उदारता होती आणि हिशोबही होता. मान राखला तर माणूस लवकर निघतो.

निशाणे गेली, घंटा राहिल्या. उत्तरेच्या प्रांतातील चर्चच्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर, भीमाशंकराला त्या आजही आहेत. काहींवर क्रूस आहे, मेणवलीच्या घंटेवर मरियम आणि बाळ येशूची आकृती आहे. कोणी ती खरवडून काढली नाही. वसईच्या दारावरची राजाची ढालही मराठ्यांनी फोडून टाकली नाही. ती तिथेच राहिली. जिंकलेल्या वस्तूवरचे हरलेल्याचे चिन्ह पुसायचे की राखायचे, याचे जे उत्तर अठराव्या शतकातील या माणसांनी दिले, ते आजच्या अनेकांना पटणार नाही.

साष्टीवर भगवा मात्र फार काळ राहिला नाही. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली. आता इथला धनी होता एक व्यापारी कंपनी, आणि कंपनीलाही ढाल होती. पांढऱ्यावर संत जॉर्जचा तांबडा क्रूस, दोन्ही बाजूंना सिंह, खाली लॅटिन बोधवाक्य : इंग्लंडचा राजा आणि संसद यांच्या आश्रयाने, अशा अर्थाचे. साष्टीतील शेतकऱ्याने ही ढाल जन्मात पाहिली नसेल. त्याच्या हातात पडे तो कंपनीचा तांब्याचा पैसा. मुंबई इलाख्याच्या त्या पैशावर एका बाजूला कंपनीची गठ्ठ्यांवर मारायची खूण, म्हणजे हृदयाच्या आकारात कोंबलेली कंपनीच्या नावाची आद्याक्षरे. दुसऱ्या बाजूला तराजू आणि मध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. अदालत शब्दाचे मूळ तेच. गठ्ठ्यावरची खूण आणि न्यायाचा तराजू एकाच नाण्याच्या दोन बाजूंना : कंपनी सरकारचे याहून प्रामाणिक चित्र कुठल्या चित्रकाराने काढले नसते. आणि तराजू वाचायलाही अक्षर लागत नाही.

एकोणिसाव्या शतकात चिन्हांचा खरा बाजार भरला तो १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्ली दरबारात. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर करायचे होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी ठरवले की संस्थानिकांना युरोपीय धर्तीच्या ढाली असलेले ध्वज भेट द्यावेत. बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर यांनी त्या ढाली रचल्या. ज्या घराण्यांना आपापले शिक्के, निशाणे आणि मरातब पिढ्यान्‌पिढ्या होते, त्यांना आता शिरस्त्राण, आधारप्राणी आणि फितीवरचे बोधवाक्य असा सगळा परदेशी सरंजाम मिळाला. ध्वजांच्या कामात लाहोरच्या कलाशाळेचे जॉन लॉकवुड किपलिंग होते. दहा वर्षे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवून ते नुकतेच तिकडे गेले होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरील शेतकरी-बाजाराची शिल्पे त्यांचीच. साटीनचे ते ध्वज इतके जड झाले की एकेक उचलायला दोन धिप्पाड हायलँडर शिपाई लागत, असे खुद्द लिटन यांनीच लिहून ठेवले आहे. संस्थानिकांना ते पेलायचे होते, हा विचार कोणी केला नसावा.

मुंबई शहराची ढालही याच मनोवृत्तीच्या काळातली. १८६५ च्या कायद्याने शहराला आयुक्त मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. १८८८ च्या कायद्याने आजच्या महापालिकेची घडी बसली. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बोरीबंदरचे भव्य स्थानक बांधले, त्याच्या फाटकावर ब्रिटनचा सिंह आणि हिंदुस्थानचा वाघ बसवले, आणि लगेच समोरच महापालिकेची इमारत उभारली. ती १८९३ मध्ये पूर्ण झाली. तिच्या दर्शनी माथ्यावर पंख पसरलेली एक मूर्ती आहे. तिचे नाव शहराचे तेव्हाचे बोधवाक्य : ‘उर्ब्स प्रिमा इन इंदिस’, हिंदुस्थानातील पहिले नगर.

या पहिल्या नगरात विक्रोळी नव्हती. नगर म्हणजे माहीम-शीवपर्यंतचे बेट. खाडीपलीकडची साष्टी ठाणे जिल्ह्यात होती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली आगगाडी विक्रोळीच्या शिवारातून गेली खरी, पण जाणाऱ्यांच्या दृष्टीने ते वाटेवरचे भाताचे शेत आणि मिठागर होते. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. एप्रिल १९५० मध्ये महापालिकेची हद्द वाढली. पश्चिमेला जोगेश्वरी आणि मध्य रेल्वेवर भांडुपपर्यंत. विक्रोळी मुंबईत आली ती तेव्हा. फेब्रुवारी १९५७ मध्ये हद्द आणखी सरकून दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली.

बेटावरच्या शहराचे विभाग ‘ए’पासून ‘जी’पर्यंत आधीच होते. उपनगरे आत आली तशी अक्षरे पुढे सरकली : वांद्र्याकडे ‘एच’, अंधेरीला ‘के’, कुर्ल्याला ‘एल’, घाटकोपरला ‘एन’, भांडुप-विक्रोळीला ‘एस’, मुलुंडला ‘टी’. ‘आय’, ‘जे’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ या अक्षरांना मुंबईत घर मिळाले नाही. पुढे वस्ती फुगली तसे एकेका अक्षराचे पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण असे तुकडे पडले आणि संख्या चोवीसवर गेली. ही मांडणी करणाऱ्याला दोष देता येणार नाही. त्याला नळ, गटारे आणि रस्ते यांची यादी करायची होती, आणि यादीला क्रम हवा असतो, कथा नको असते. पण साष्टीतील गावांना त्यांच्या नव्या शहराने स्वतःची खूण निवडायला सांगितले नाही, एवढे खरे. महापालिकेच्या चिन्हावर आज संस्कृत बोधवाक्य आहे : ‘यतो धर्मस्ततो जयः’. महाभारतात वेगवेगळ्या प्रसंगी येणारे हे वाक्य सर्वोच्च न्यायालयानेही घेतले आहे. लॅटिनपेक्षा ते जवळचे आहे, यात वाद नाही. तरी पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला दोन्हींचा अर्थ कोणीतरी समजावून सांगावाच लागतो.

इतर ठिकाणी स्वातंत्र्यानंतर चिन्हे विचारपूर्वक बदलली गेली. महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेत समई आली आणि तिच्यावरील वचन शिवरायांच्या राजमुद्रेच्या धर्तीवर रचले गेले. गोव्याने चाक सोडून दोन हातांनी जपलेला दीप घेतला. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या ध्वजावरून संत जॉर्जचा क्रूस उतरला आणि त्या जागी राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. ज्या किनाऱ्यावर तो क्रूस कंपनीच्या ढालीवरून आला होता, त्या किनाऱ्यासाठी हा बदल लहान नाही. मात्र हे सगळे राज्याच्या आणि राष्ट्राच्या पातळीवर घडले. भारतात नगरांच्या आणि वॉर्डांच्या चिन्हांसाठी पोर्तुगालसारखा कायदा नाही. प्रत्येक महापालिका आपल्या मनाने काहीतरी रेखाटून घेते. त्याखालच्या पातळीवर कोरा कागद आहे.

तरीही चिन्हांच्या इतिहासात विक्रोळीचे नाव आहे, आणि ते फार मोठ्या अक्षरांत असायला हवे होते. विक्रोळी मुंबईच्या हद्दीत आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८.३३ टक्के, स्त्रियांमध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे जो प्रश्न होता तो शिलाहारांच्या लेखनिकापुढेही होता : ज्याला अक्षर येत नाही त्याला कसे सांगायचे?

उत्तर होते चित्र. प्रत्येक पक्षाला एक चिन्ह, आणि ते निरक्षरालाही ओळखू येईल असे, रोजच्या पाहण्यातले. काँग्रेसला बैलजोडी, समाजवाद्यांना झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाला झोपडी, जनसंघाला पणती, कम्युनिस्टांना कणीस आणि विळा, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हत्ती. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाला जायचे, नाशिकच्या छापखान्यात छापलेली रुपयाच्या नोटेएवढी मतपत्रिका हव्या त्या चित्राच्या पेटीत टाकायची आणि बाहेर यायचे. कोणाला काही बोलून दाखवायचे नाही, कोणाकडून वाचून घ्यायचे नाही. जमीनदार, सावकार, नवरा, कोणीही आडोशात सोबत नाही.

यासाठी लाखो पेट्या लागणार होत्या, त्या लवकर हव्या होत्या आणि स्वस्त हव्या होत्या. लालबागच्या कुलपांच्या कारखान्यापासून सुरू झालेल्या गोदरेज कंपनीने विक्रोळीत १९४० च्या दशकात विस्तीर्ण जमीन घेतली होती. तिथल्या नव्या कारखान्यात १९५१ साली काही महिन्यांत १२ लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या तयार झाल्या. प्रत्येकीला बाहेरून वेगळे कुलूप लावायचे तर खर्च हाताबाहेर गेला असता, म्हणून आतूनच बंद होणारी कळ बसवण्यात आली. कुलपांसाठी नावाजलेल्या कारखान्याने कुलपाचाच खर्च वाचवला, हे गंमतीचे आहे. त्या पेट्या विक्रोळीहून देशभर गेल्या. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचलच्या उंच डोंगरातल्या चिनी या ठिकाणी बर्फ पडण्याआधी पहिले मतदान झाले आणि फेब्रुवारी १९५२ पर्यंत ते चालले.

ढालींच्या दृष्टीने विचार केला तर हे विलक्षण आहे. युरोपात ढाल सुरू झाली ती लोखंडी शिरस्त्राणामागे चेहरा झाकलेल्या सरदाराला रणांगणात ओळखता यावे म्हणून. चित्राने माणूस ओळखायचा, ही तिची मूळ गरज. पुढे ती घराण्याचा माज झाली, दारावर चढली, लॅटिन बोलू लागली आणि १८७७ साली हायलँडर शिपायांनाही पेलेनाशी झाली. १९५१ मध्ये भारताने चित्राला पुन्हा त्याच्या पहिल्या कामाला लावले. बैलजोडी आणि झोपडीला कोणाचे कुळ नव्हते, वरती बुरुजांचा मुकुट नव्हता. रिकामी पेटी कोणाच्याच मालकीची नव्हती. चित्र चिकटल्यावर ती उमेदवाराची होई आणि मते मोजल्यावर पुन्हा कोणाचीच नाही. तिला वारस नसतो.

अर्थात चिन्हांवरून भांडणे झालीच. आज पक्ष फुटला की पहिला दावा चिन्हावर केला जातो, निवडणूक आयोगापुढे वर्षानुवर्षे सुनावण्या होतात आणि १९६८ च्या चिन्हविषयक आदेशातील कलमांचा कीस काढला जातो. सरदारांच्या दोन शाखांनी एकाच ढालीवर हक्क सांगावा आणि खटला दरबारी जावा, तसाच हा प्रकार. फक्त युरोपात तो दोन घराण्यांपुरता राहत असे, इथे तो कोट्यवधी मतदारांच्या ओळखीचा प्रश्न होतो.

पेट्यांची पद्धत फार टिकली नाही. उमेदवार वाढले की पेट्या वाढत. पेट्यांची अदलाबदल होऊ शके. आडोशात मतपत्रिका खिशात घालून बाहेर विकण्याचे प्रकारही होत. १९६०च्या सुमारास पद्धत बदलू लागली आणि १९६२च्या निवडणुकीपर्यंत जवळपास सगळीकडे एकच पेटी आणि सगळ्यांची चिन्हे छापलेली मतपत्रिका आली. चित्र पेटीवरून कागदावर उतरले, आणि पुढे कागदावरून यंत्राच्या बटणाशेजारी. शिसे-पोलादाचे युग संपले तरी चित्र गेले नाही, कारण नाव वाचता येणारा मतदारही आधी चित्रच शोधतो.

मुंबई महापालिकेची प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये, म्हणजे लोकसभेच्याही आधी. विक्रोळी तेव्हा हद्दीबाहेर होती. आज महापालिकेचे २२७ निवडणूक प्रभाग आहेत आणि ते अक्षरांनी नव्हे, आकड्यांनी ओळखले जातात. विक्रोळीचा मतदार आपल्या आकड्याच्या प्रभागात, ‘एस’ किंवा ‘एन’ विभागातल्या एखाद्या शाळेच्या खोलीत जातो, बोटाला शाई लावून घेतो आणि यंत्रावरच्या चित्रांच्या ओळीतून एक निवडतो. त्या ओळीत विक्रोळीचे स्वतःचे असे चित्र नसते. पण पहिल्यांदा ती चित्रे ज्या पेट्यांवर चिकटली, त्यांतल्या १२ लाखांहून अधिक पेट्या रेल्वेमार्गाला लागूनच्या या कारखान्यात ठोकल्या गेल्या होत्या.